व्याह्यांच्या सिगारी आणि आमच्या घरातला ओलावा

माणसाची लायकी त्याने आयुष्यात काय मिळवलं यावरून ठरत नाही. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू त्याने किती काळ ताजी ठेवली, यावरून ठरते.

हा सिद्धांत मी एका सकाळी दाढी करताना मांडला. अर्ध्या गालावर फेस होता, त्यामुळे शब्द जरा फसफसले, पण आशय स्वच्छ होता. दाराबाहेरून बायको म्हणाली, "अहो, परवा तुमच्या हाती कोथिंबीर दिली होती फ्रीजमध्ये ठेवायला. ती पिशवीसकट दाराच्या खुंटीला लटकतेय. चुरा झालाय तिचा."

थोर विचारांना घरातून असाच प्रतिसाद मिळतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण हा विचार हवेतून आलेला नव्हता. त्याच्यामागे एक लाकडी पेटी होती, पेटीत सिगारी होत्या, आणि त्या सिगारींच्या मागे माझे व्याही उभे होते.

व्याही जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जमीन कुठल्याही क्षणी डावीकडे कलेल अशा तयारीनेच ते घरात वावरतात. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि प्रत्येक वस्तू त्या जागेवर असते. आमच्याही घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे. फक्त तिथे दुसरी वस्तू असते.

आमच्या मुलीला दिवस गेल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात व्याही ती पेटी घेऊन आमच्याकडे आले. सोबत मुलगीही होती. बाळंतपणानंतर ती नोकरीवर परतणार हे ठरलेलंच होतं, आणि मग दिवसभर बाळ कुणाकडे राहणार, या प्रश्नाभोवती दोन्ही घरं मोठ्या सभ्यपणे घिरट्या घालत होती. त्यांच्याकडे अंगण होतं, झोपाळा होता, शिस्त होती. आमच्याकडे मी होतो.

व्याह्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, नातवंड आलं की आपण दोघांनी तुमच्या गच्चीवर बसून एकेक ओढायची. तोवर ही तुमच्याकडे राहू द्या."

"तुमच्याकडेच असू द्या की."

"माझ्याकडे टिकत नाहीत. मी ओढून टाकतो."

कोचावर पाय वर घेऊन बसलेली मुलगी हसायलाच लागली. "आमच्या बाबांकडे? बाबांनी एकदा शाळेतून माझं दप्तर घरी आणलं आणि मला तिथेच ठेवलं."

"दप्तर जड होतं," मी म्हणालो. "सगळं लक्ष त्याच्याकडेच गेलं."

"मग परीक्षाच होऊन जाऊ दे," व्याही म्हणाले. "सिगारी ताज्या राहिल्या तर दुपारी नातवंड तुमच्याकडे. वाळल्या तर आमच्याकडे. बोला, कबूल?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मुलगी हसता हसता "चालेल" म्हणाली, आणि ते कुणी नाही तरी मी ऐकलं. बायकोनेही ऐकलं असावं, कारण पाहुणे गेल्यावर ती पेटीकडे बघत इतकंच म्हणाली, "या वेळी दप्तर नको आणू हो नुसतं." बायको मला एकेरीत बोलते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मी स्वतः ओढत नाही. उलट इमारतीच्या जिन्यात 'धूम्रपान करू नये' अशी पाटी आहे ना, ती मी कमिटीवर असताना भांडून लावून घेतलेली आहे. त्यामुळे सिगार म्हणजे काय, ती कशी जगते आणि कशाने मरते, याबद्दल माझं ज्ञान अगदी कोरं होतं. मी पेटी सरळ लोखंडी कपाटात गरम कपड्यांच्या कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निर्धास्त झालो. चोर आला असता तर सिगारी नक्की सुरक्षित राहिल्या असत्या.

दोन-चार दिवसांनी व्याह्यांचा फोन आला.

"कशात ठेवल्यात?"

"कपाटात. कुलपात."

"कपाटात अजून काय काय आहे?"

"माझे कोट, स्वेटर. आणि कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या."

 मग ते डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात बोलू लागले. "व्याहीबुवा, सिगार म्हणजे तंबाखूची पानं. पान ओलावा सोडतं, ओलावा घेतं आणि शेजारचा वासही घेतं. ती उघड्यावर टाकलीत तर थोड्याच दिवसांत वाळून कुरकुरीत होते आणि ओढताना गवत पेटवल्यासारखी लागते. फार ओलीत ठेवलीत तर बुरशी धरते. फार उकाड्यात ठेवलीत तर आतून किडे निघतात. हवेत पासष्ट ते सत्तर टक्के ओलावा पाहिजे आणि गारवा बेताचा. एवढं सांभाळलंत तर वर्षानुवर्षं राहते, उलट मुरते. नाही सांभाळलंत तर..." ते थांबले. "आमच्याकडे झोपाळ्याला नव्या साखळ्या लावल्यात, बरं का."

ही धमकी होती. जहाजावरची माणसं धमकीही हवामानाच्या अंदाजासारखी देतात.

मी पेटी कपाटातून काढली आणि बायकोचा सल्ला घेतला. ती म्हणाली, "ताजं ठेवायचं तर फ्रीजमध्ये ठेवतात. यात विचारायचं काय?" हे इतकं बिनतोड होतं की पेटी तातडीने भाजीच्या कप्प्यात गेली. शेजारी चिरलेला कांदा होता. तो मी सभ्यपणे एका बाजूला सरकवला.

"फ्रीज?" पुढच्या फोनवर व्याही ओरडले. "अहो, फ्रीज आतून कोरडा असतो! थंडगार वाळवंट आहे ते. आणि आत काय आहे दुसरं?"

मी कांद्याचं नाव घेतलं नाही. मी म्हणालो, "किरकोळ."

पेटी बाहेर काढली, उघडली आणि हुंगली. व्याह्यांनी देताना तिला मधाळ, लाकडासारखा एक छान वास होता. आता त्या वासाच्या मागून कुणीतरी पोहे करायला घेतल्यासारखं वाटत होतं. मी पेटी खिडकीजवळ उघडी ठेवून वर्तमानपत्राने वारा घालत बसलो. एखाद्या आजारी नातेवाइकालाही मी इतका वेळ वारा घातलेला नाही.

अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. समोरच्या फ्लॅटमधले सल्लागार आले. त्यांना सल्लागार हे नाव इमारतीने दिलेलं आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात काढली, म्हणजे लोकांना थांबायला सांगितलं. आता निवृत्तीनंतर ते लोकांना काय करायचं ते सांगतात. मी वारा का घालतोय हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांनी पेटीत डोकावून स्वतःच ओळखलं आणि डोळा मारला.

"आमच्या साहेबांकडे असायच्या," ते म्हणाले. "बटाटा टाका."

"बटाटा?"

"एक चकती. आत ठेवून द्या. बटाट्याचं पाणी हळूहळू सुटतं, सिगार मऊ राहते. अगदी शास्त्र आहे त्यात."

शास्त्र होतं, याबद्दल वाद नाही. पण ते वनस्पतिशास्त्र होतं. काही दिवसांनी पेटी उघडली तेव्हा चकतीला हिरवट-निळी लव आली होती आणि ती शेजारच्या एका सिगारीशी हितगुज करत होती. मी फोनवर व्याह्यांना, जणू कुणा तिऱ्हाइताची चौकशी करतोय अशा सुरात विचारलं, "समजा, एखाद्याच्या सिगारीवर पांढरं काही दिसलं तर?"

"पांढरी भुकटी असेल आणि बोटाने पुसली जात असेल तर काळजी नको. सिगारीतलंच तेल वर येतं. केसाळ असेल, निळसर असेल, तर बुरशी. ती फेकायची."

मी भिंग घेतलं. सल्लागारांनी त्यांचं भिंग आणलं. दोन भिंगांतून दोन चष्मे आणि चार डोळे त्या सिगारीकडे बघत राहिले. केसाळ होती. मी ती कागदात गुंडाळून फेकली. सल्लागार जाता जाता म्हणाले, "बटाटा सोलून टाकला होतात ना? मग तेच चुकलं."

इथून पुढे मी सल्ले बंद करून शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. इथेच घात झाला. अडाणीपणे वागत होतो तोवर नुकसान माझ्या घरापुरतं होतं. शास्त्रीय पद्धत आल्यावर ते सबंध इमारतीत पसरलं.

शास्त्रीय पद्धतीची पहिली पायरी म्हणजे पेटी. सिगारी सीडरच्या, म्हणजे देवदाराच्या जातीच्या लाकडात ठेवतात, असं कुठेसं वाचलं. मी सुताराला बोलावलं. त्याने मापं घेतली, भुवया वर केल्या, आठवडाभर नाहीसा झाला आणि मग एक भक्कम वस्तू घेऊन आला. तिला तीन कप्पे होते आणि पुढे जाळी होती.

"हे काय?"

"साहेब, तुम्ही म्हणालात हवा खेळती पाहिजे आणि वास बाहेर गेला नाही पाहिजे. म्हणजे चपलांचंच ना?"

ते चपलांचं कपाट आता आमच्या दाराशी आहे आणि चांगलं आहे. व्याह्यांना मी पेटी करून घेतल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण पेटी कशाला? त्या ज्यात आहेत ती पेटीच सीडरची आहे. म्हणून तर झाकण घट्ट बसतं. तुम्ही फक्त आत ओलावा द्या." आणि त्यांनी ओलाव्याची रीत सांगितली: साबणाच्या छोट्या डबीला भोकं पाडायची, आत स्पंजाचा तुकडा ठेवायचा, तो औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या शुद्ध पाण्याने भिजवून पिळायचा आणि डबी पेटीच्या कोपऱ्यात ठेवायची. नळाचं पाणी वापरायचं नाही, त्याने बुरशी धरते. "आणि ओलावा किती झाला ते मोजायला मीटर घ्या. अंदाजाने जहाज चालत नाही."

मीटर मुलीला सांगून घरबसल्या मागवता आला असता. पण मग तिला कळलं असतं की तिच्या बाबांना पेटीत काय चाललंय याचा काही पत्ता नाही. आणि तिला तेच तर कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या एका जुन्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस काचेच्या नळ्या पुसत होता.

"ओलावा मोजायचं यंत्र आहे?"

"आहे. कुठली संस्था?"

"संस्था नाही. मी."

"खाजगी गिऱ्हाइकाला मोजमापाची उपकरणं देत नाही आम्ही. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणा."

"पण का?"

"पद्धत आहे."

"भिंग देता?"

"भिंग देतो."

"मग?"

"भिंगाने मोजत नाहीत," तो म्हणाला. "नुसतं बघतात."

 माझ्या आवाक्यातली एकच संस्था होती, ती म्हणजे आमच्या इमारतीची कमिटी. मी सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी सज्जन आहेत, पण त्यांनी आयुष्यात कुठलाच कागद एका बैठकीत लिहिलेला नाही.

"कशासाठी पत्र?"

"ओलावा मोजायचं यंत्र घ्यायचंय."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "कुठला ओलावा?"

"घरातला."

"कुठल्या खोलीतला?"

"मागच्या."

त्यांनी आवाज उतरवला. "कुणामुळे?"

इथे मी सरळ सांगायला हवं होतं की, साहेब, सिगारींसाठी. पण जिन्यातली ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर आली. ज्याने ती लावली त्याच्याच घरात सिगारींची पेटी, ही बातमी सल्लागारांनंतर आणखी कुणाला कळावी असं मला वाटेना. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "कारण खाजगी आहे."

आता हे जाणून घ्या की कुठल्याही इमारतीत घरातला ओलावा मोजणारा माणूस हा ओलावा मोजत नसतो, तो पुरावा गोळा करत असतो. आणि पुरावा नेहमी वरच्या मजल्याविरुद्ध असतो. पाणी खालून वर झिरपत नाही, एवढं भौतिकशास्त्र प्रत्येक सभासदाला येतं. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये करखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब एकटेच राहतात. त्यांची-माझी ओळख मान हलवण्यापुरती होती. त्यातही ते आधी हलवत नसत.

सेक्रेटरींनी बैठक घेऊन पत्र मंजूर केलं आणि नियमाप्रमाणे त्याची प्रत खालच्या फलकावर लावली. 'सदर सभासदास मागील खोलीतील ओलाव्याची शास्त्रशुद्ध मोजणी करावयाची असून त्यामागील कारण सभासदाने गुप्त ठेवले आहे.' एवढं एक वाक्य. माझ्या सगळ्या लिखाणात इतका परिणामकारक मजकूर मला कधी साधला नाही.

मीटर मिळाला. गोल, पितळी, काट्याचा. तो बरोबर चालतो का, याचीही एक चाचणी असते, असं व्याह्यांनी सांगितलं: थोडं मीठ चिखलासारखं ओलं करून एका झाकणात घ्यायचं, मीटरसकट डब्यात बंद करायचं, आणि दुसऱ्या दिवशी काटा पंचाहत्तरवर आला पाहिजे. मी डबा करून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. सकाळी बायकोने तो उघडला.

"अहो! मीठ भिजवून घड्याळाबरोबर कोंडलंय कुणी?"

"उघडू नकोस! पंचाहत्तर होऊ दे!"

"पंचाहत्तर तुमचं होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. "आधी मला भाजीत मीठ घालायचंय."

पण काटा बरोबर निघाला. मीटर पेटीत गेला, स्पंजाची डबी गेली, पेटी मागच्या खोलीत शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर स्थानापन्न झाली. काही दिवसांतच काटा अडुसष्टवर येऊन उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघत खुर्चीत बसून राहू लागलो. नोकरीत असताना एकाही साहेबासमोर मी असा समाधानाने बसलो नव्हतो.

दरम्यान वरच्या मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली. मला वाटलं, साहेबांना नव्या फरशा बसवायच्या असतील. प्रत्यक्षात ते फलकावरचं पत्र वाचून घरी गेले होते, त्यांनी प्लंबर बोलावला होता आणि मी मोजणी पूर्ण करण्याआधी आपल्या न्हाणीघरातली गळती नाहीशी करायला सांगितलं होतं. गळती नव्हतीच. प्लंबरने ती प्रामाणिकपणे दोन दिवस शोधली. तिसऱ्या दिवशी त्याच्या छिन्नीखाली पाइप आला, आणि मग होती.

मी खुर्चीत होतो. आधी छताचा रंग थोडा गडद झाला. मग एक थेंब माझ्या चष्म्यावर पडला. मी वर पाहिलं, तेवढ्यात छतावरून सरळ धारच सुटली. अशा प्रसंगी माणसाचा खरा स्वभाव कळतो म्हणतात. माझाही कळला. मी पेटी उचलली, पोटाशी धरली आणि पळत दिवाणखान्यात आलो.

"माझी मशीन!" बायको ओरडली. "अहो, मशीन भिजतेय!"

"पेटी वाचली!"

 तिने एकटीने मशीन ओढून बाहेर काढली, पुसली, तेल घातलं, आणि मग म्हणाली, "ही माझ्या आईने दिली होती. ती तुमच्या व्याह्यांनी दिली असती तर भिजली नसती." पुढचे बरेच दिवस घरातला ओलावा बेताचा असला तरी गारवा फार होता.

वरचे साहेब जिन्याने खाली आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, चेहरा कसनुसा. दारात उभं राहून म्हणाले, "घ्या. आता मोजा."

"काय मोजू?"

"ओलावा. तुमचा पुरावा पूर्ण झाला ना? नुकसानीचं काय ते लिहून द्या, मी वाद घालणार नाही. पण एक सांगतो, पत्र लागलं त्या दिवसापर्यंत माझ्या घरातून एक थेंब खाली आलेला नव्हता. रात्री उठून उठून खात्री केलीय मी."

 हा माणूस इतके दिवस रात्री उठून आपल्या नळांना कान लावत होता, हे मला तेव्हा कळलं. मी पोटाशी धरलेली पेटी उघडली आणि त्यांच्यापुढे केली. काटा त्र्याण्णववर जाऊन भिडला होता.

"हे काय आहे?"

"सिगारी."

"कुणाच्या?"

"व्याह्यांच्या. या ताज्या राहिल्या तर नातवंड दुपारी आमच्याकडे राहील."

साहेबांनी करखात्यात असंख्य खुलासे ऐकलेले असणार. असा ऐकला नसावा. ते माझ्याकडे, मग सिगारींकडे, मग बायकोकडे बघत राहिले. बायकोने मान हलवून दुजोरा दिला, तसे ते दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते पुसत म्हणाले, "आत्ता काटा उतरवायचा कसा ते बोला."

तो सबंध दिवस आम्ही दोघं मीटर घेऊन इमारतभर हिंडलो. सेक्रेटरींच्या घरी बासष्ट, सल्लागारांकडे ऐंशी (त्यांनी कुठेकुठे बटाटे ठेवलेत, कोण जाणे), गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत काटा शंभरावर जाऊन लाजला. आणि जिथे काटा डोलत डोलत अडुसष्टवर येऊन स्थिर झाला, ती जागा म्हणजे साहेबांची उत्तरेकडची, पुस्तकांची छोटी खोली. जिथून माझ्यावर पाणी आलं, त्याच घरात माझ्या सिगारींचं भलं होतं.

साहेबांनी पेटी ठेवून घेतली. नुसती ठेवली नाही, तर तिचा ताबा घेतला. खोलीत पंखा लावायला बंदी झाली. खिडकीला जाड पडदा आला. स्पंज कधी भिजवायचा, हे ते मला सांगू लागले. मी रोज संध्याकाळी "काटा बघायला" म्हणून वर जाऊ लागलो. ते चहा टाकून वाट बघत असायचे. काटा बघायला क्षणभर पुरतो. पण उठायला उशीर व्हायचा. एकदा मी जरा जास्त वेळ झाकण उघडं धरलं, तर ते म्हणाले, "बंद करा. तुमच्यासारख्या आजोबांमुळेच पोरांना सर्दी होते." आमचं छत कोरडं झालं, रंग त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतला, आणि आईच्या मशीनवर बायकोने त्या जाड पडद्याला झालर शिवून दिली. तेव्हा घरातला गारवाही उतरला.

आणि मग नात झाली.

दवाखान्यातून ती आमच्याकडे आली त्याच संध्याकाळी व्याही आले. नातीला पाहून झालं, नाक कुणाचं यावरून दोन्ही बाजूंनी दावे झाले, आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, व्याहीबुवा. निकाल लावू."

गच्चीवर आधीच गर्दी होती. सेक्रेटरी होते (जिन्यातली पाटी गच्चीला लागू नाही, असा खुलासा त्यांनी कमिटीकडून आणला होता). सल्लागार होते. साहेब पेटी दोन्ही हातांवर घेऊन सावकाश जिना चढून आले.

"हे कोण?" व्याह्यांनी विचारलं.

"हे आमचे ओलाव्याचे प्रमुख," मी म्हणालो.

व्याह्यांनी झाकण उघडलं. काटा बघितला. एक सिगार उचलली, नाकाखालून फिरवली, मग कानाशी नेऊन दोन बोटांत हलकेच दाबली. 

"आवाज नाही," ते पुटपुटले. "वाळली असती तर कुरकुरली असती."

त्यांनी टोक कापलं, दोन्ही पेटवल्या, एक मला दिली. मी एक झुरका घेतला आणि सल्लागार व साहेब यांनी मिळून माझी पाठ थोपटेपर्यंत खोकलो. व्याही मात्र डोळे मिटून, कठड्याला टेकून, धूर सोडत राहिले.  खाली कुणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज येत होता.

शेवटी ते म्हणाले, "व्याहीबुवा, खरं सांगू? इतकी वर्षं समुद्रावर काढली, पण एकही पेटी मला अशी ठेवता आली नाही. माझ्या नेहमी वाळायच्या. तुमच्याही वाळणार, अशी माझी खात्री होती. म्हणूनच दिली."

"म्हणजे?"

"म्हणजे नात आमच्याकडे राहिली असती. दुपारी आमचं घर फार शांत असतं हो." ते सिगारीच्या राखेकडे बघत राहिले. "म्हणून तर फोन करकरून सगळं सांगत होतो; म्हटलं, उद्या तुम्ही म्हणायला नको, की आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पण शब्द तो शब्द. राहू दे ती तुमच्याकडे."

जिंकल्यावर माणसाने काय बोलावं, याचा मला सराव नाही. मी म्हणालो, "मग दुपारी तुम्हीही इकडेच येत जा की. झोपाळा घेऊन या. मागच्या खोलीच्या छताला कडी मारू. छत नवीन आहे."

"कडी मारा," साहेब घाईघाईने म्हणाले, "पण प्लंबरकडून नको."

व्याही हसले, आणि ते हसले ते जहाजावरच्या माणसासारखे नाही, साध्या आजोबासारखे. आम्ही संपेपर्यंत ओढल्या. म्हणजे त्यांनी त्यांची आणि नंतर माझी. मग जिना उतरलो. मी पुढे होतो. इतक्या महिन्यांचे फोन, बटाटा, चपलांचं कपाट, मिठाचा डबा, फलकावरची बदनामी, डोक्यावर आलेलं पाणी, सगळं त्या पायऱ्यांवर मागे पडत गेलं. एक वस्तू विश्वासाने माझ्या हाती दिली गेली होती आणि मी ती ताजी परत केली होती.

व्याह्यांनी दारातूनच जाहीर केलं, "पास झाले तुझे बाबा. नात दुपारी इकडे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि त्या हसण्यात या वेळी दप्तर नव्हतं. ती उठली, दुपट्यातलं ते इवलंसं गाठोडं खांद्यावरून अलगद उतरवलं आणि माझ्याकडे आली. मी दोन्ही हात पुढे केले. सबंध खोली बघत होती.

मुलगी एक पाऊल अलीकडेच थांबली. तिचं नाक आक्रसलं. तिने गाठोडं पुन्हा खांद्याशी घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "आधी हात धुऊन या ना. साबण लावून. कोपरापर्यंत."